गोळी झाडली तेव्हा तिथे कोण होते?

मार्च २०२३मध्ये नायके आणि प्यूमा या कंपन्यांनी फुटबॉलच्या बुटांसाठी कांगारूचे कातडे वापरणे थांबवत असल्याचे जाहीर केले आणि ऑस्ट्रेलियातला जुना वाद पुन्हा पेटला. एक बाजू म्हणाली, देशाच्या राजमुद्रेवर मिरवलेल्या प्राण्याला आपण बुटांसाठी गोळ्या घालतो, हा कलंक एकदाचा धुतला जाईल. दुसरी बाजू म्हणाली, कांगारू कोट्यवधी आहेत, शहरात बसून हळहळणाऱ्यांनी एकदा दुष्काळातले कुरण पाहून यावे. मी या देशात बारा वर्षे राहते आहे. हा वाद कचेरीत, रेडिओवर, लोकांच्या जेवणाच्या टेबलावर ऐकत आले, आणि दर वेळी वाटत आले की दोन्ही बाजू मूळ मुद्दा चुकवून पुढे जात आहेत. प्राणी राजमुद्रेवर आहे म्हणून त्याला मारू नये, तर जो राजमुद्रेवर नाही त्याने काय करायचे? आणि संख्या मोठी आहे म्हणून मारणे योग्य ठरत असेल, तर कसे मारले हा प्रश्नच उरत नाही. विचारायला हवे ते वेगळेच: जे जनावर मेले ते कसे मेले, आणि ते तसेच मेले हे पाहायला तिथे कोणी होते का? शिकारीवर सरसकट बंदी मला मान्य नाही. पण ज्या रानात साक्षीदार नाही, तिथल्या मरणाला ‘विनायातना’ म्हणण्याचा अधिकार सरकारलाही नाही आणि या उद्योगालाही नाही.

आधी नियम पाहू, कारण भांडण बहुतेक वेळा ते न वाचताच सुरू होते. व्यावसायिक शिकारीसाठी देशभरात एक आचारसंहिता आहे. २००८मध्ये ती ठरली, २०२०मध्ये सुधारली गेली. शिकाऱ्याकडे परवाना लागतो, नेमबाजीची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. राज्य सरकारे विमानातून कांगारूंची गणना करतात आणि त्यावरून वर्षाचा कोटा ठरतो, सर्वसाधारणपणे संख्येच्या १५ ते २० टक्के. शिकार रात्री होते. उघड्या गाडीच्या, म्हणजे इथल्या भाषेत ‘यूट’च्या, मागच्या बाजूला लोखंडी सांगाडा असतो, त्याला आकडे. गाडी कुरणातून सावकाश जाते, प्रखर दिव्याचा झोत फिरतो. झोतात सापडलेले कांगारू पळण्याआधी मागच्या पायांवर ताठ उभे राहते, कान वळवते आणि क्षणभर थबकते. त्या क्षणात, उभ्या आणि स्थिर जनावराच्या मेंदूत एकच गोळी जायला हवी. जनावर मेल्याची खात्री होईपर्यंत दुसऱ्यावर नेम धरायचा नाही. जखमी होऊन पळाले तर आधी त्याला शोधून संपवायचे. मादी असेल तर तिची पिशवी तपासायची. शेवटी प्रत्येक धडाला क्रमांकाचा टॅग लावायचा आणि ते शीतगृहात पोचवायचे.

उद्योगाचा सर्वांत भक्कम युक्तिवाद याच वर्णनात आहे आणि तो मी पूर्ण मान्य करते. मेंढी किंवा बोकड कत्तलखान्यात पोचेपर्यंत काय काय भोगतो ते आपल्याला माहीत आहे: ट्रकमधली दाटी, तासन्‌तास तहान, रक्ताचा वास, अनोळखी माणसांचे हात. कांगारूच्या वाट्याला यातले काहीच येत नाही. ते आपल्या रानात, आपल्या कळपात चरत असते, आणि नेम अचूक असेल तर गोळीचा आवाज कानी पडण्याआधीच सगळे संपलेले असते. शिवाय पैसे धडाच्या वजनावर मिळतात आणि अंगात गोळी घुसलेले धड खरेदीदार घेत नाही, त्यामुळे डोक्यात गोळी मारणे शिकाऱ्याच्याही फायद्याचे. आकडेही हेच सांगतात. आरएसपीसीए या प्राणिरक्षक संस्थेच्या १९८५च्या पाहणीत सुमारे ८६ टक्के कांगारूंना डोक्यात गोळी लागलेली आढळली होती. २००२मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ते प्रमाण जवळपास ९६ टक्क्यांवर गेले. रोज मटण खाऊन कांगारूसाठी रडणाऱ्याने या फरकावर थांबून विचार करायला हवा.

पण तो ९६चा आकडा मोजला कुठे? प्रामुख्याने शीतगृहांत आणि मांस प्रक्रिया केंद्रांत, म्हणजे जी धडे तिथवर पोचली त्यांच्यात. डोके रानातच छाटून टाकलेले असते, त्यामुळे तपासनीसाच्या हाती उरते ती मान आणि अंग. मानेत किंवा अंगात भोक दिसले नाही, म्हणजे गोळी डोक्यात लागली असणार, असा तो हिशोब. जबड्यात गोळी बसून झाडीत शिरलेले, सापडलेच नाही असे जनावर या हिशोबात कुठे बसते? ते शीतगृहात येत नाही, त्याला टॅग लागत नाही, ते कोणत्याच रकान्यात नाही. आणि उरलेले चार टक्केही किरकोळ नाहीत. गेली काही वर्षे दर वर्षी साधारण १० ते १५ लाख कांगारू व्यवसायासाठी मारले जातात. ते प्रमाण आजही तेवढेच धरले, तर निदान ४० हजार जनावरे पहिल्या गोळीत मेली नाहीत असा त्याचा अर्थ होतो. वजनावर मिळणारा पैसा शिकाऱ्याला अचूक नेम शिकवतो, हे खरे. पण काट्याकुट्यात अर्धा तास जखमी जनावर शोधायला तो पैसा सांगत नाही, उलट त्या अर्ध्या तासाची मजुरी बुडवतो. त्या वेळी शिकारी एकटा असतो. तो शोधतो की पुढे जातो, हे त्याच्या सद्सद्विवेकावर आहे. पुष्कळांकडे तो आहे, याबद्दल मला शंका नाही. पण विवेकाच्या भरवशावर चालणाऱ्या गोष्टीला आपण ‘देखरेख’ म्हणत नाही.

पिल्लाचा प्रश्न याहून अवघड, आणि तो मला एका रस्त्याने शिकवला. काही वर्षांपूर्वी आम्ही न्यू साउथ वेल्स राज्यातल्या डबो शहराहून पश्चिमेला निघालो होतो. संध्याकाळ उतरत होती. रस्त्याच्या कडेला एक राखाडी मादी पडली होती, गाडीच्या धडकेने नुकतीच मेलेली. इथे शाळेतल्या मुलांनाही शिकवतात की अशी मादी दिसली तर थांबा आणि पिशवी बघा. मी हात घातला तर आत ऊब होती, आणि त्या उबेत काहीतरी हलले. लव उगवू लागलेले, लांब पायांची घडी घातलेले पिल्लू, तोंडात सड घट्ट धरून. फोनवर वन्यजीव सांभाळणाऱ्या बाईंनी बजावले, ‘ओढू नका. सड त्याच्या तोंडात फुगलेला असतो, ओढलात तर जबडा फाटेल. सडच कापा.’ नवऱ्याने विजेरी धरली, मी नखे कापायच्या छोट्या कात्रीने सड कापला. पिल्लाला उशीच्या अभ्र्यात घालून स्वेटरच्या आत छातीशी धरले आणि पुढचे ७० किलोमीटर कोणीच बोलले नाही. मेलेल्या आईच्या अंगात दूध होते. ते माझ्या बोटांना लागले होते.

आता तेच पिल्लू शिकाऱ्याच्या हातात आहे असे समजा. नियम सांगतो की त्याला तिथेच मारायचे, आणि त्याचा मार्ग म्हणजे डोक्यावर जोराचा एकच घाव. ऐकवत नाही, तरी मी या नियमाला क्रूर म्हणणार नाही. आईविना पिशवीतले पिल्लू थंडीने आणि भुकेने मरते, त्यापेक्षा एक घाव बरा. अडते ते त्याच्या पुढे. तांबड्या कांगारूचे पिल्लू साधारण आठ महिन्यांचे झाले की पिशवी कायमची सोडते, पण वर्षाचे होईपर्यंत आईच्या दुधावरच असते. करड्या कांगारूंमध्ये हा काळ आणखी लांबतो. असे पिल्लू आईच्या आसपास चरत असते. गोळीच्या आवाजाने ते अंधारात पळून जाते. नियम म्हणतो, त्यालाही शोधून मारा. कसे शोधणार? ते पळाले हे तरी दुसऱ्या कोणाला कळणार कसे? कागदावर इतका काटेकोर असलेला नियम इथे अमलातच येऊ शकत नाही. आणि जो नियम अमलात येऊ शकत नाही हे तो करणाऱ्याला ठाऊक आहे, त्याच्या आधारे ‘आम्ही यातना टाळतो’ असे म्हणणे हे खोटे बोलणे आहे.

यावर उपाय काय, हे आपल्याकडच्या फासेपारध्यांना फार पूर्वी कळले होते. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि मानववंशशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांनी नोंदवून ठेवले आहे की फाशात गाभण हरिणी किंवा पाडस सापडले तर फासेपारधी परंपरेने ते सोडून देत. ज्यांना इंग्रजांनी गुन्हेगार जमात ठरवले आणि ज्यांच्यावरचा तो शिक्का आपण आजही पुसलेला नाही, त्यांची ही रीत. पोट शिकारीवर असूनही हातात आलेली मादी सोडायची. दुसरी आठवण विदर्भातली. २ नोव्हेंबर २०१८ला पांढरकवड्याच्या जंगलात अवनी वाघीण मारली गेली. तिने माणसे मारली होती, तिला मारावे की पकडावे यावर मतभेद होते. पण ‘तिच्या दोन बछड्यांचे काय?’ हा प्रश्न वाघिणीच्या बाजूने आणि विरोधात बोलणाऱ्या दोघांनीही विचारला. हा प्रश्न भाबडा नव्हता. आईला गोळी घालणारा तिच्या पिल्लांच्या मरणालाही जबाबदार असतो, हे साधे उत्तरदायित्व त्यात होते. कांगारूंच्या बाबतीत ते पाळण्याचा सरळ मार्ग आहे: व्यवसायासाठी फक्त नर मारा. अनेक खरेदीदारांनी स्वतःहून तसे सुरू केलेही आहे, कारण नर मोठा असतो आणि त्याचे मांस अधिक भरते. जे बाजारासाठी जमते, ते कायद्याने सक्तीचे करायला काय हरकत आहे?

हरकत घेणारे म्हणतात, एक नर अनेक माद्यांना पुरतो, नुसते नर मारून संख्या कशी कमी होणार? प्राणिशास्त्राच्या दृष्टीने हे बरोबर आहे. पण मग दुसरा प्रश्न येतो: माद्या मारून तरी हा उद्योग संख्या आवरत होता का? जिथे शिकार चालते त्या भागांत पाऊसपाण्यानुसार साडेतीन ते पाच कोटी कांगारू असतात. मंजूर कोट्याच्या निम्मेही मारले जात नाहीत. म्हणजे शंभर कांगारूंतले दोन ते चार. त्याच्या उलट १९८२-८३च्या दुष्काळात, जिथे गणना झाली होती तिथले सुमारे ४० टक्के कांगारू एकाच दमात मेले. कांगारूंची संख्या पाऊस ठरवतो, गवत ठरवते. ती वाढायलाही माणूसच कारण झाला. मेंढ्यांसाठी त्याने माळावर विंधन विहिरी खणल्या, आणि डिंगो हा शिकारी कुत्रा आत येऊ नये म्हणून ५,६०० किलोमीटर लांबीचे कुंपण घातले. त्या कुंपणाच्या आत कांगारू वाढले आणि मग आपण त्यांना उपद्रवी म्हणू लागलो. तेव्हा ‘आम्ही निसर्गाचा तोल राखतो’ हे समर्थन उद्योगाने सोडून द्यावे आणि सरळ सांगावे की आम्ही मांस आणि कातडे विकतो. तो व्यवसाय सभ्यपणे करता येतो. पण समर्थन प्रामाणिक झाले की नियमही त्यानुसार बदलावे लागतात.

संख्या खरोखर कमी करावी लागते अशा जागाही आहेत. कॅनबेराभोवतीच्या राखीव गवताळ प्रदेशात कांगारू फार झाले की गवत मुळापासून संपते, आणि त्या गवतात राहणारे दुर्मीळ सरडे संपतात. तिथे सरकार दर वर्षी ठरावीक संख्येत कांगारू मारते, माद्यांसकट. मात्र त्यासाठी साधारण मार्च ते जुलै हा काळ ठरलेला आहे, म्हणजे आईमागे फिरणारी परावलंबी पिल्ले त्या वेळी कमीत कमी असतात. तिथे स्वतंत्र पशुवैद्यांनी प्रत्यक्ष गोळी झाडताना हजर राहून निरीक्षणेही केली आहेत. माझ्या मते या सगळ्या वादातला हा सर्वांत महत्त्वाचा दाखला आहे. साक्षीदार ठेवता येतो, हे त्याने दाखवून दिले.

आता बंदी मागणाऱ्यांकडे वळते. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पिल्लांचा प्रश्न त्यांनीच लावून धरला, नाहीतर तो कधीच पुढे आला नसता. आणि त्यांचे भय ऐतिहासिक आहे. क्वीन्सलँडने १८७७मध्ये कायदा करून कांगारूंच्या मुंडक्यांवर बक्षीस लावले, आणि १९३०पर्यंत सुमारे २ कोटी ७० लाख कांगारू आणि वॉलबी या त्यांच्या लहान भाऊबंदांसाठी पैसे मोजले. दक्षिण ऑस्ट्रेलियातली टूलाच नावाची देखणी वॉलबी शिकार, कोल्हे आणि नष्ट झालेली कुरणे यांच्या कचाट्यात सापडून कायमची संपली. माहीत असलेली शेवटची १९३९मध्ये पिंजऱ्यात मेली. एवढे घडलेल्या देशात कोणी ‘आता पुरे’ म्हणत असेल, तर तो हळवेपणा नाही.

पण बुटांचे कातडे थांबले की मारणे थांबेल का? कॅलिफोर्नियात २०१६पासून कांगारूच्या वस्तूंच्या विक्रीवर पुन्हा बंदी आहे. त्याआधी २००९मध्ये रशियाने, तेव्हाच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाने, स्वच्छतेच्या कारणावरून मांसाची आयात बंद केली होती. गिऱ्हाईक गेले की धडाला भाव मिळत नाही, आणि परवानाधारक शिकारी धंदा सोडतो. कुरणाचा मालक मात्र तिथेच असतो, त्याचे गवतही तिथेच असते. तो उपद्रव-निवारणाचा परवाना काढतो आणि स्वतः बंदूक उचलतो. त्याला व्यावसायिक शिकाऱ्यासारखी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागत नाही. ते धड कोणत्याही शीतगृहात जात नाही, त्याची मान कोणी तपासत नाही. ऑगस्ट २०१८मध्ये, दुष्काळ भरात असताना, न्यू साउथ वेल्सने या परवान्याच्या अटी आणखी सैल केल्या आणि टॅग लावण्याची सक्तीही काढून टाकली. बंदीच्या मोर्च्यात जेवढे फलक बुटांविरुद्ध होते, त्याच्या दहाव्या हिश्शाने तरी या निर्णयाविरुद्ध का नव्हते? बुटावर कंपनीचे नाव असते, म्हणून त्याच्याविरुद्ध लढता येते. कुरणात सडणाऱ्या धडावर कोणाचेच नाव नसते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगावे लागू नये. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकराला मारण्याच्या परवानगीची तरतूद आहे. पण अर्ज, पंचनामा, आणि मग बंदूक कुठून आणायची? उभा हरभरा एका रात्रीत उखडलेला पाहणारा शेतकरी काय करतो? कोणी तारेत वीज सोडतो, कोणी कणकेच्या गोळ्यात गावठी बॉम्ब भरून बांधावर ठेवतो. रानडुकराचा जबडा फुटतो आणि ते कित्येक दिवस उपाशी फिरून मरते. विजेच्या त्या तारांना विदर्भात वाघ चिकटले आहेत आणि माणसेही. तिथे कायद्याची दया कमी पडली नव्हती. उजेडात, जाणत्या हाताने आणि नोंद ठेवून मारण्याची सोयच शेतकऱ्याच्या आवाक्यात नव्हती, म्हणून मारणे अंधारात गेले.

साक्षीदार आला की काय बदलते, हे याच देशाने एकदा पाहिले आहे. जिवंत मेंढ्या जहाजाने आखाती देशांत पाठवण्याला ऑस्ट्रेलियात नियमांची कमतरता नव्हती. प्रवासात किती मेंढ्या मेल्या याचे अहवालही लिहिले जात. ऑगस्ट २०१७मध्ये ‘आवासी एक्स्प्रेस’ या जहाजावर सुमारे २,४०० मेंढ्या उष्णतेने मेल्या. तो आकडाही एक अहवाल होऊन फायलीत गेला. मग त्या जहाजावरच्या एका प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याने मोबाइलवर घेतलेली दृश्ये एप्रिल २०१८मध्ये दूरचित्रवाणीवर दिसली: स्वतःच्याच मलमूत्रात रुतून, तोंड वर करून हवा गिळणाऱ्या मेंढ्या. लगोलग जहाजांवर स्वतंत्र निरीक्षक नेमले गेले, आणि २०२४मध्ये संसदेने कायदाच केला की १ मे २०२८पासून समुद्रमार्गे जिवंत मेंढ्यांची निर्यात बंद. आधी नियम नव्हते असे नाही. आधी डोळे नव्हते.

कांगारूंच्या व्यावसायिक शिकारीत हे डोळे आजही नाहीत. न्यू साउथ वेल्सच्या विधान परिषदेच्या समितीने २०२१मध्ये नेमके हेच नोंदवले की प्रत्यक्ष मारण्याच्या जागी देखरेख होत नाही. त्यावर ठरलेले उत्तर येते: हजारो चौरस किलोमीटर रान, रात्रीची वेळ, प्रत्येक गाडीत निरीक्षक बसवणार कसा? पूर्वी हे उत्तर पटण्यासारखे होते. आता शिकारी उष्णता टिपणाऱ्या दुर्बिणी वापरू लागले आहेत आणि त्यांतल्या अनेक चित्रीकरणही करतात. ज्या धडाला टॅग, त्या टॅगला गोळीचे चित्रीकरण. त्यातले काही कोणतीही पूर्वसूचना न देता तपासायचे. नेम चुकलेल्या गोळ्यांचेही चित्रीकरण जपून ठेवायचे, कारण खरी गोष्ट त्यांच्यातच आहे. उपद्रव-निवारणाच्या परवान्यालाही तीच परीक्षा आणि तीच नोंद. खर्च येईल. तो मांसाच्या आणि कातड्याच्या किमतीत यावा. ज्याला तो बूट किंवा ते मांस हवे आहे, त्याने त्या जनावराच्या नीट मरणाची किंमत मोजावी, यात अन्याय कसला?

मूळनिवासींचे नाव या वादात दोन्ही बाजू आपापल्या सोयीने घेतात, ते मला खटकते. हजारो वर्षे त्यांनी कांगारूची शिकार केली, हे खरे. त्यांच्यातले काही आजही करतात, कांगारूला आप्त मानणाऱ्या काहींना ही व्यावसायिक शिकार त्याची विटंबना वाटते. त्यांचा आवाज एकच नाही. कोट्याच्या बैठकीत त्यांना खुर्ची द्यावी, तेवढे पुरे. त्यांच्या वतीने बोलायची गरज नाही.

त्या रात्री आम्ही पिल्लू पोचवले तेव्हा दहा वाजून गेले होते. बाईंनी ते अभ्र्यासकट घेतले, वजन केले, गरम पिशवीशेजारी टांगले. मग एक जाड वही काढली आणि मला विचारू लागल्या: आई नेमकी कुठे पडली होती? कोणत्या गावाच्या पुढे किती किलोमीटर? अंग गरम होते का? पिशवी तपासल्याची खूण म्हणून मादीच्या अंगावर रंगाची फुली मारलीत का? मी नाही म्हटले, रंग नव्हता आमच्याजवळ. त्यांनी फळीवरून रंगाचा एक डबा उचलून माझ्या हातात दिला. ‘परत त्याच रस्त्याने जाल ना, तेव्हा मारा,’ त्या म्हणाल्या, ‘म्हणजे दुसरा कोणी थांबला तर त्याला कळेल की हिच्याकडे कोणीतरी पाहून गेले आहे.’ दुसऱ्या दिवशी परतताना आम्ही तिथे थांबलो आणि तिच्या पाठीवर पिवळी फुली मारली.